रामोरोकाच्या घरचा आवाज

जोसाया रामोरोकाने पहिली रेकॉर्ड विकत घेतली तेव्हा ती वाजवायला त्याच्याकडे काही नव्हतं, आणि पुढची एकवीस वर्षंही नव्हतं.

तो रुस्टेनबर्गच्या बाजूला प्लॅटिनमच्या खाणीत होता. जमिनीखाली दगडाला भोकं पाडायचं ड्रिल चालवायचा. एका खोलीत आठ माणसं, आठ लोखंडी खाटा. तिथे रेकॉर्ड प्लेअर ठेवायचा म्हटलं तर नववा माणूस ठेवल्यासारखं झालं असतं. महिनाअखेरीला तो घरी, प्रिटोरियाजवळ ममेलोदीला यायचा. वाटेत माराबास्ताडला टॅक्सी बदलायची असायची, तिथल्या फुटपाथवर एक म्हातारा जुन्या रेकॉर्डी मांडून बसायचा. त्याच्याकडून एक रेकॉर्ड घ्यायची, फार तर दोन. नेहमी जाझ. मग रविवारी ती काखेत धरून तो आमच्या मंडळाला यायचा, आणि स्वतःची रेकॉर्ड दुसऱ्याच्या घरी ऐकायचा.

आमचं मंडळ म्हणजे चौदा बाप्ये. दर रविवारी दुपारी एकाच्या घरी जमायचं, इस्त्रीची पँट, हॅट, आरशासारखे बूट. ज्याचं घर त्याचा संच, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर. प्रत्येकाने आपापली रेकॉर्ड आणायची, आळीपाळीने लावायची, वाजवणाऱ्याने एखादी जागा चांगली घेतली की शीळ घालायची, अंगात आलं तर उठून दोन फरशांच्या जागेत एकट्याने नाचायचं. बायका मागे स्वयंपाकघरात मक्याची घट्ट उकड आणि वजडी करायच्या. मी शाळामास्तर, म्हणून मंडळाची वही माझ्याकडे. त्या वहीत जोसायाच्या नावापुढे एकवीस वर्षं एकच शेरा आहे, ‘संच नाही’. म्हणजे त्याच्याकडे पाळी जायची नाही. कोणी त्याला कधी त्यावरून बोललं नाही, पण तो आमच्याकडे जेवतो आणि आम्ही त्याच्याकडे जेवत नाही, हे त्याला लागायचं. दर वेळी पिशवीभर काहीतरी घेऊन यायचा.

त्याचे कान जातायत हे पहिल्यांदा त्याच्या बायकोला, मोसिमाला कळलं. त्यांना एकच मुलगी, काबो. म्हणून आमच्याकडच्या रीतीने तो रा-काबो आणि ती म्मा-काबो. नवराबायकोही एकमेकांना याच नावाने हाक मारतात. मोसिमाने फोनवर काबोच्या परीक्षेचं सांगितलं, तर यानं छपराचं उत्तर दिलं. घरी आला की किटली शीळ घालून घालून दमायची आणि हा शेजारी बसून पेपर वाचत असायचा. पुढे खाणीच्या दवाखान्यात त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाब. तो म्हणाला, “मी वाट बघत बसलो की आवाज कधी सुरू होतील, तेवढ्यात त्या बाईनं दार उघडून सांगितलं, झालं.”

पन्नाशीच्या आतच त्याला घरी पाठवलं. कानांची भरपाई म्हणून एक रक्कम मिळाली. त्यातून छप्पर झालं, काबोच्या नर्सिंगच्या कॉलेजची सोय झाली. उरलेल्यातून संच घ्यायचं त्याने बायकोपुढे काढलं. मला हे दोघांनीही सांगितलंय, वेगवेगळं, आणि दोघांचं जुळतं.

“रा-काबो,” मोसिमा म्हणाली, “कान गेले म्हणून पैसे मिळाले. त्या पैशाचं तुम्ही कानासाठीच सामान आणणार?”

“खालचं सगळं ऐकू येतं मला अजून. वरचं गेलंय.”

“वरचं म्हणजे काय?”

“पक्षी. किटली. तू पाठमोरी बोलतेस ते.”

“मी पाठमोरी बोलते ते तुम्हाला पंचवीस वर्षांपूर्वीही ऐकू येत नव्हतं.”

पण तिने नाही म्हटलं नाही. पलंगाखालची ट्रंक भरून आता कपाटाचा अर्धा भाग रेकॉर्डींनी व्यापला होता, आणि त्या उभ्याच ठेवायच्या, आडव्या नाहीत, म्हणून तिच्या झग्यांना जागा उरली नव्हती. सहा हजार रँड, ती म्हणाली. वर एक सेंट मागायचा नाही. आमच्या मंडळात माकोला अध्यक्षांचा संच त्याच्या सातपट किमतीचा होता, तेव्हा सहा हजारांत काय येतं याची तिलाही कल्पना असावी.

डेनेबूम स्टेशनच्या बाहेर एका कंटेनरमध्ये फराई नावाचा झिम्बाब्वेचा माणूस रेडिओ, टीव्ही दुरुस्त करतो. बोलायला कंजूष. जोसाया त्याच्याकडे गेला आणि सहा हजारांचं सांगितलं.

“रेकॉर्ड किती आहेत?” फराईने विचारलं.

“दोनशे तीस.”

“मग पहिले पैसे सुईचे. सुई नवी घ्यायची, बाकी सगळं जुनं चालेल. जुनी सुई रेकॉर्ड नांगरते. नंतर स्पीकर. शेवटी उरतील त्यात अ‍ॅम्प्लिफायर. लोक उलटं करतात, आधी दिवे लुकलुकणारा अ‍ॅम्प्लिफायर आणतात.”

जोसायाने हे अक्षरशः पाळलं. प्रिटोरियाला जाऊन नवी सुई आणली आणि ती बसवायला रेकॉर्ड प्लेअरच नसल्यामुळे तीन महिने काडेपेटीत, कापसावर ठेवली. प्लेअर मिळाला तो लुथरन चर्चच्या हॉलमागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या खाली. जड, जुना, चांगल्या जातीचा. पाद्र्याने पैसे घेतले नाहीत, हॉलचे सतरा बाक नीट करून मागितले. त्याचा रबरी पट्टा कडक होऊन तुटला होता. जोसायाने आधी मोसिमाच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक लावून पाहिलं, तर गाणारी बाई बोटीत बसून उलटी येण्याच्या बेतात असल्यासारखी गायला लागली. मग त्याने निमूट खरा पट्टा मागवला.

अ‍ॅम्प्लिफायर माराबास्ताडच्या गहाणवट्याकडचा, तीस वर्षांचा, एक बाजू मुकी. फराईने तो उघडून फुगलेले कपॅसिटर बदलले, आवाजाच्या बटणातली घाण साफ केली. स्पीकर भंगारातल्या एका मोठ्या संचातून काढलेले. त्यांचे कागदी शंकू धड होते पण कडेची फोमची पट्टी बिस्किटासारखी चुरा होऊन पडत होती. नव्या पट्ट्या मागवून जोसायाने त्या शिवणाच्या सुईच्या टोकाने गोंद लावत चिकटवल्या, एकेक पट्टीला एक अख्खी सकाळ.

स्पीकरच्या पेट्या त्याने स्वतः केल्या. आमच्या मंडळातल्या अबियेल त्लाडीचा शवपेट्यांचा कारखाना आहे. त्याच्याकडे जाड, दाट लाकडी बोर्डाचे तुकडे उरतात. ते त्याने जवळजवळ फुकट दिले.

“चांगला बोर्ड आहे,” अबियेल म्हणाला. “आजवर माझ्या एकाही गिऱ्हाइकानं आवाजाबद्दल तक्रार केली नाही.”

जोसायाने सांधे असे बसवले की त्यातून वारा जाणार नाही. आत जुन्या घोंगडीतली लोकर भरली. खाणीत बावीस वर्षं आवाजाने ज्याचं नुकसान केलं तो माणूस चार महिने अंगणात बसून आवाजासाठी पेट्या घासत होता, हे आम्ही येता-जाता बघायचो. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच.

सगळं जोडून झालं तेव्हा पाच हजार आठशे गेले होते. उरलेल्या दोनशेत त्याने मोसिमाला केक आणि रविवारसाठी वजडी आणायला सांगितली, आणि मला येऊन म्हणाला, “मास्तर, वहीत लिहा. या रविवारी माझ्याकडे.”

आम्ही बाकीचे तेराही गेलो. कोणी आजारी पडलं नाही, कोणाच्या घरी मर्तिक निघालं नाही. खोली बारकी, सोफा, त्यासमोर भिंत व्यापणारं काचेच्या शोकेसचं कपाट, त्याच्या दोन बाजूंना त्या काळ्या पॉलिशच्या पेट्या. दिसायला देखण्या होत्या. अध्यक्ष माकोला, निवृत्त बसड्रायव्हर, वयाने सगळ्यांत मोठे. पहिली रेकॉर्ड त्यांची. जोसायाने ती दोन्ही हातांच्या पंजांत धरून ठेवली, सुई टेकवली आणि मागे येऊन उभा राहिला.

काय सांगू. झांजा म्हणजे कढईत पाणी पडावं तशा. ट्रम्पेट दातात शिरत होतं. त्याखाली काहीच नाही, पोकळ. बेस वाजवणारा माणूस त्या दिवशी कामावर आलाच नव्हता म्हणा. आम्ही बसलो. कोणी शीळ घातली नाही. दुसरी रेकॉर्ड झाली. तिसऱ्या रेकॉर्डीला अबियेलने हॅट काढून मांडीवर ठेवली आणि कपाळ दाबलं. जोसाया भिंतीला टेकून आमच्या तोंडांकडे पाहत होता. त्याला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं.

“आवाज कमी करू का?” त्याने विचारलं.

“नको नको, ठीक आहे,” तीन-चार जण एकदम म्हणाले.

जेवणं लवकर झाली. दर रविवारी अंधार पडेपर्यंत बसणारी माणसं चारला उठली. माकोलांनी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी त्याला त्याच्या कुळाच्या नावाने हाक मारली, नोको, म्हणजे साळिंदर. थोरली माणसं प्रेमाने बोलायचं असलं की तशी बोलतात. “नोको, पेट्या फार सुबक झाल्यात.”

फाटकापाशी जोसायाने अबियेलला अडवलं. “तू तरी खरं सांग.”

अबियेलने हॅट डोक्यावर चढवली. “अंडं तळल्यासारखं वाजतंय, गड्या.”

“वरचं जास्त झालंय?”

“वरचंच आहे. खालचं कुठंय?”

जोसायाने वरच्या आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. त्याशिवाय त्याला झांजेची बारीकशी चाहूलही लागत नव्हती. ते समजण्यासारखं होतं. पण खालचा आवाज, खर्ज, हा तर त्याला चांगला ऐकू येत असे. तो आपल्या संचात का नाही, हे त्याला कळेना. त्याचा त्याने एकच अर्थ लावला. खालचेही कान गेले. खाणीने सांगितलं त्यापेक्षा जास्त गेलंय. मला तो एवढंच म्हणाला, “मास्तर, आंधळ्यानं भिंत रंगवायला घेतली.” मोसिमाचा चांगला, लेस लावलेला टेबलक्लॉथ त्याने संचावर घातला, आणि दोन महिने तो काढला नाही. मंडळाला यायचा, कोपऱ्यात बसायचा. येताना रेकॉर्ड आणायचा नाही.

मोसिमाबद्दल थोडं सांगायला हवं. तिला जाझ आवडायचं नाही. बाप्यांच्या रुसव्याचं संगीत म्हणायची. ती लुथरन चर्चच्या गायकवृंदात होती, सतराव्या वर्षापासून, खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत. तिचा कान असा, की तालमीला चाळीस माणसं गात असली तरी कोण अर्ध्या श्रुतीने उतरलंय ते मान न वळवता सांगायची. त्यामुळे तिच्या मैत्रिणी कमी होत्या.

त्या वर्षी गायकवृंदाला साठ वर्षं झाली. तयारीसाठी एका मंगळवारी बायका मोसिमाकडे जमायच्या होत्या, म्हणून तिला तिचा लेसचा टेबलक्लॉथ हवा होता. आणि कोणीतरी वृंदातल्याच सलोमी नावाच्या बाईकडची एक जुनी रेकॉर्ड तिच्याकडे आणून दिली होती. फार पूर्वी शहरातून एक माणूस यंत्र घेऊन चर्चमध्ये आला होता आणि त्याने वृंदाची आठ भजनं भरून नेली होती, तीच ही. त्यात मोसिमा होती, सतरा वर्षांची. तिने ती कधी ऐकलीच नव्हती.

“हे लावता येईल का?” तिने नवऱ्याला विचारलं.

“तुला अंडं तळलेलं ऐकायचंय का?”

“मला मी ऐकायचेय.”

त्याने टेबलक्लॉथ घडी करून तिच्या हातात दिला आणि रेकॉर्ड लावली. वरच्या आवाजाचं बटण तिने पहिल्या ओळीलाच स्वतः उठून निम्म्याच्या खाली आणलं. मग सोफ्यावर बसली. डोळे मिटले. एक भजन झालं. तिच्या कपाळावर आठ्या.

“बाप्ये कुठे गेले?” ती म्हणाली.

“कुठले बाप्ये?”

“आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. डाव्या हाताला सोप्रानो, उंच पट्टीतल्या बायका. उजव्या हाताला आम्ही, मी शेवटून दुसरी. आणि बाप्ये मधोमध, मागे. खालच्या आवाजाचे अकरा जण होते. आठवतं मला, म्हातारा मोफोकेंग माझ्या डोक्यावर श्वास टाकायचा. ते कुठे आहेत?”

“नीट भरलं गेलं नसेल.”

“आहेत. लांब कुठेतरी आहेत, घराबाहेर उभं राहून गातायत तसे. मध्ये भोक आहे, रा-काबो. सोप्रानो भिंतीत, आम्ही भिंतीत, आणि मध्ये भोक.”

“म्मा-काबो, माझे कान...”

“तुमचे कान कुठे आले यात? हे माझे कान आहेत. आणि माझ्या कानांना अकरा माणसं सापडत नाहीत.”

जोसाया उठला. त्याने एक पेटी फिरवली, मागचे आठ स्क्रू काढले, आणि टॉर्च घेऊन आत पाहिलं. स्पीकरच्या मागे दोन टोकं असतात, एक लाल खुणेचं, एक बिनखुणेचं. दोन्ही पेट्यांत वायर सारखीच जोडावी लागते. एका पेटीत उलटी झाली, तर एकीचा कागद पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि जे जातं ते खालचं आणि मधलंच जातं. हे त्याला माहीत होतं, फराईने बजावून सांगितलं होतं. पण भंगारातल्या त्या स्पीकरच्या खुणा गंजून गेल्या होत्या. त्याने अंदाजाने जोडलं होतं, आणि अंदाज चुकला होता. नंतर खालचा आवाज आला नाही, तेव्हा एकदाही त्याच्या मनात आलं नाही की वायर बघावी. सगळा दोष कानांवर टाकून तो मोकळा झाला.

त्याने त्या एका पेटीची दोन टोकं अदलाबदल करून पुन्हा डाग दिला. स्क्रू लावले. तेच भजन पुन्हा.

अकरा माणसं आली. शोकेसच्या समोर, जिथे काहीच नव्हतं, तिथे मधोमध उभी राहिली. त्यांच्या आवाजाने कपाटातले काचेचे ग्लास किणकिणले. जोसायाला ते ग्लास ऐकू आले नाहीत, पण ते अकरा जण आले. तो उभ्याचा खाली बसला, जमिनीवर, सोफ्याला पाठ लावून. त्याच्या छातीत ते वाजत होतं, म्हणाला. भजन संपलं.

“सलोमी तेव्हाही मागेच पडायची,” मोसिमा म्हणाली आणि तिने झग्याच्या बाहीने नाक पुसलं. “आता माझ्या ग्लासांचं बघा.”

“मी पेट्या सरकवतो.”

“सरकवा. ग्लास हलणार नाहीत.”

बायका यायच्या आधी दोन तासांत त्यांनी त्या पेट्या सात ठिकाणी ठेवून पाहिल्या. भिंतीला चिकटून खर्ज घुमायचा, कोपऱ्यात तर नुसता ढोल. भिंतीपासून दोन वीत पुढे आणि तोंडं जराशी सोफ्याकडे वळवली की माणसं जागच्या जागी यायची. मोसिमा सोफ्यावर बसून हाताने दाखवायची, अजून, अजून, थांबा. तो ढकलायचा. एक सेंट लागला नाही. ग्लास मात्र किणकिणतच राहिले. दोन आठवडे तिने नेट धरला, मग एका सकाळी तिने स्वतःच ते पेपरात गुंडाळून निजायच्या खोलीत नेले आणि त्या जागी रेकॉर्डी उभ्या लावल्या. तिचं कपाट मोकळं झालं.

एक गोष्ट मात्र अवघड गेली. वरच्या आवाजाचं बटण. मोसिमाच्या कानाला जिथे बरोबर, तिथे जोसायाला झांज नाही, ड्रमवर फिरणारा तारांचा ब्रश नाही, गाणारीचे ‘स’ आणि ‘त’ नाहीत. स्वतःच्या संचात, स्वतःच्या घरात. दोघांत यावर काही दिवस धुसफुस चालली. तो बटण वर न्यायचा, ती जाता-येता खाली आणायची.

“मी बांधलंय ते,” तो म्हणाला.

“मग बांधलंय तसं वाजू द्या. आत्ता वाजतंय ते तुमचं दुखणं वाजतंय.”

हे बोलून तिला वाईट वाटलं, असं ती मला म्हणाली. तो बाहेर अंगणात जाऊन बसला. संध्याकाळी आत आला, त्याने बटण तिच्या जागेवर आणलं आणि तिची लाल नेलपॉलिश मागून तिथे एक ठिपका दिला. मग एक रेकॉर्ड लावली, संथ, ब्रशवाली, कान जायच्या आधी त्याने आमच्याकडे कितीदा तरी ऐकलेली. “यात ब्रश आहे,” तो म्हणाला. “मला आठवतो. आत्ता आहे का?”

“आहे.”

“कसा आहे?”

मोसिमाने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगटावर बोटांनी तो ब्रश काढायला लागली. झाडून घेतल्यासारखा, मग एक टिचकी. पूर्ण बाजू होईस्तोवर. जाझ न आवडणाऱ्या त्या बाईने त्या दिवसापासून सगळ्या दोनशे तीस रेकॉर्डी ऐकल्या, कारण तिने ऐकल्याशिवाय त्याला त्या पुऱ्या ऐकता येत नव्हत्या. काही तिला आवडायला लागल्या. कोणत्या, ते ती सांगत नाही.

मी वहीत पुन्हा नाव लिहिलं ते जोसायाने सांगितलं म्हणून नाही, मोसिमाने सांगितलं म्हणून. या वेळी नऊच जण आले. अबियेलने तर दारातच विचारलं, “अंडी आहेत की संपली?”

“बस,” मोसिमा म्हणाली, “आणि हॅट डोक्यावर ठेव.”

ती स्वयंपाकघरात गेली नाही. उकड आणि वजडी सकाळीच करून ठेवली होती. संचाजवळच्या खुर्चीवर बसली. आमच्यातले एक-दोघे एकमेकांकडे बघायला लागले, पण घर तिचं होतं.

माकोलांनी त्यांची नेहमीची रेकॉर्ड दिली, तीस वर्षं वाजवून पाठ झालेली. आवाज मोठा नव्हता. आम्हाला सवय भिंती हादरायची. इथे खोलीत बोललेलं ऐकू येत होतं आणि तरी पियानोपासून ड्रमपर्यंत सगळी माणसं आपापल्या जागी बसलेली होती. मोठा आवाज जोसायाला सोसत नाही. अशा कानांना मोठा आवाज जास्तच बोचतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. मध्यावर माकोला एकदम पुढे झुकले.

“थांबा. मागे घ्या.”

जोसायाने सुई उचलून मागे ठेवली.

“हे कोण बोललं?”

“बेसवाला,” मोसिमा म्हणाली. “मोजतोय. तीन, चार. दोन्ही कडव्यांआधी मोजतो.”

माकोलांनी तीन वेळा ते ऐकलं. तीस वर्षांत, सातपट किमतीच्या संचावर त्यांनी त्या माणसाला कधी मोजताना ऐकलं नव्हतं. ते उठले, दोन फरशांच्या जागेत उभे राहिले आणि डोळे मिटून हळूहळू नाचायला लागले, गुडघे दुखत असताना. अबियेलने शीळ घातली. मग आम्ही सगळ्यांनीच. अंधार पडला तरी कोणी उठेना, शेवटी मोसिमानेच आम्हाला जेवायला वाढून घालवलं.

पुढच्याच आठवड्यात माकोला त्या दोघांना आपल्या घरी घेऊन गेले. त्यांचा एक स्पीकर सोफ्याच्या मागे होता, दुसऱ्यावर फुलदाणी. मोसिमा माकोलांच्या खुर्चीत बसली आणि हात दाखवायला लागली. जोसायाने ढकलायला सुरुवात केली. त्यानंतर अबियेलचं घर, मग माझं. माझ्या इथे काही हलवावं लागलं नाही, फक्त तिने माझी सुई बघितली आणि नवऱ्याला काहीतरी सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी नवी आणली.

वर्षभराने माकोलांनी बैठकीत प्रस्ताव मांडला, म्मा-काबोला मंडळात घ्या. अर्धा तास वाद झाला. चार जण म्हणाले, मग स्वयंपाक कोण करणार. मोसिमाला बोलावून विचारलं, तर ती म्हणाली, “वर्गणी तुमच्याएवढी देईन आणि भांडी तुमच्याएवढी घासेन.” तिला घेतलं. चौघांपैकी एकाने मंडळ सोडलं आणि तीन महिन्यांनी परत आला. वजडी आता आळीपाळीने बाप्ये करतात. अबियेलची कच्ची राहते, तेव्हा त्याच्या पाळीला आम्ही स्टेशनवरून मग्विन्ये, मैद्याचे तळलेले गोळे, आणतो. वहीत मी ‘संच नाही’ हा शेराच काढून टाकला. ज्याचं घर छोटं त्याच्याकडेही जातो, जे असेल त्यावर ऐकतो, आणि ही दोघं आधी जाऊन ते बसवून येतात.

दवाखान्याने जोसायाला कानाचं यंत्र दिलंय. बोलण्यापुरतं तो ते घालतो, संगीताला काढून ठेवतो. त्यातून रेकॉर्ड डबा वाजवल्यासारखी येते म्हणतो. गेल्या वर्षी पुन्हा तपासणी झाली. आता मधलंही थोडं गेलंय. हे त्याने मला अंगणात, खुर्चीवर बसून, हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, मग पुढे?

“डॉक्टरीण म्हणाली, खालचं टिकेल. खालचं पुष्कळ असतं, मास्तर. तुम्ही लोक त्याच्याकडे बघत नाही.”

त्याच्या मांडीवर एक स्पीकर पालथा होता. तो त्याच्या मागच्या एका टोकाला लाल रंगाचा ठिपका देत होता. येत्या शनिवारी त्यांना सोशांगुवेला जायचंय. तिथल्या एका बाईने नवरा वारल्यापासून त्याचा संच बंद ठेवलाय, आणि आता तिला तो ऐकायचा आहे, पण हात लावायची भीती वाटते. मोसिमा दारातून बाहेर आली. तिने त्याच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून विचारलं, “त्या बाईला विचारलंत का, खोली केवढी आहे?”

“विचारलं. तिला माहीत नाही.”

“मग मापाची टेप घ्या बरोबर,” ती म्हणाली आणि आत गेली.